शाळा सुटल्यावर आपली मुले कोठे जातात?

सकाळपाळीची म्युनिसिपल शाळा बारा-साडेबाराच्या सुमारास सुटते. आई चार घरची धुणीभांडी, शिलाईच्या कारखान्यातले काम किंवा इस्पितळातले आयाचे काम उरकून घरी येते तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. बाप त्याहून उशिरा येतो. मधले हे साडेसहा तास आपली मुले कोठे असतात, हा प्रश्न आम्ही आज या सदरातून विचारणार आहोत. प्रश्न घरातलाच आहे. परंतु त्याचे उत्तर घरात सापडणारे नाही, ते सरकारच्या अंदाजपत्रकात शोधावे लागते. म्हणूनच तो या पानावर घ्यावासा वाटला.

घराला बाहेरून कुलूप आणि किल्ली मुलाच्या गळ्यात, हे चित्र आपल्या वस्त्यांना नवे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून पोरे गल्लीत, नाक्यावर, रेल्वेच्या कडेला, नाहीतर ज्याच्या घरी मोबाईल मोकळा सापडेल त्याच्या घरी. एक उपासिका आम्हांला म्हणाली, "भाऊ, बारा वाजले की माझं निम्मं चित्त घरी जातं. मालकिणीच्या घड्याळाकडं बघत भांडी घासते. आता शाळा सुटली असंल, आता पोरानं मोठा रस्ता ओलांडला असंल, आता कुलूप काढलं असंल. रात्री घरी जाऊन त्याला डोळ्यांनी बघते तवा हात चालतो." हिच्या पगारातून कापला न जाणारा पण रोज भरावा लागणारा हा कर आहे, असे आम्ही मानतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास शिकवण्याचे बंधन आहे. म्हणजे दिवसाला चार ते साडेचार तास. मूल दिवसाचे चौदा तास जागे असते असे धरले तर वर्षाचे पाच हजारांवर तास होतात. त्यांतला सहावा हिस्सासुद्धा लहान मुलाच्या शाळेचा नाही, मोठ्याचा जेमतेम पाचवा आहे. उरलेले तास कोणाचे? कायदा त्याबाबत गप्प आहे.

लहान बाळांच्या बाबतीत कायदा इतका गप्प नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली, पण ती सहा वर्षांखालील मुलांपुरती. अंगणवाडीही सहाव्या वर्षापर्यंत. म्हणजे मुलाचा सहावा वाढदिवस झाला की शाळेच्या घंटेनंतर ते आपोआप शहाणे, सुरक्षित आणि अभ्यासू होते, अशी सरकारची समजूत असावी. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या घरी दुपारी कोणीतरी मोठे माणूस असणार, एवढे मात्र नक्की.

ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांनी या तासांची व्यवस्था केव्हाच करून टाकली आहे. शिकवणी, चित्रकलेचा क्लास, पोहणे, क्रिकेटचे कोचिंग, आणि घरी बाई. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी लावतात असे आढळले. शहरात हे प्रमाण ३०.७ टक्के, खेड्यात २५.५ टक्के. याचा अर्थ दहांतील सात मुलांची शिकवणी नाही. ती सात मुले कोणत्या घरांतली, हे सांगायला पाहणीची गरज नाही. शिवाय आपल्या वस्तीतले आई-बाप पोटाला चिमटा घेऊन जी शिकवणी लावतात ती कशी असते? एका खोलीत तीस पोरे कोंबलेली, सगळ्या इयत्ता एकत्र, आणि गाईडातली उत्तरे उतरवून घेणे. आम्ही त्या शिकवणाऱ्या ताई-दादांना नावे ठेवत नाही, तीही पोटासाठीच करतात. पण महिना भरला नाही की मूल घरी बसते. शिक्षण फुकट झाले असे आपण म्हणतो. ते शाळेच्या चार तासांपुरते झाले. बाकीचे अजून विकतच घ्यावे लागते.

या जागी बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे, आणि ती केवळ वंदनासाठी नव्हे. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि आपण झोपत. बाप-लेकांनी एका खोलीत झोपेच्या पाळ्या लावल्या, तेव्हा तो अभ्यास झाला. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो. कौतुक रास्तच आहे. पण तिची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी पुस्तके दिली, वाचायला दिशा दिली, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेज पुरे झाले. वाचक भगिनींनी नीट पाहावे. बसायला एक सार्वजनिक जागा, चौकशी करणारे एक मोठे माणूस, हाती पडलेले पुस्तक, आणि संस्थानच्या तिजोरीतून आलेला पैसा. यांतली एकही गोष्ट भीमरावांच्या घरातली नव्हती. आज ज्याला शाळेनंतरचे केंद्र म्हणतात त्यात याहून वेगळे काय असते?

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. म्हणून १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे यांचाही स्पष्ट उल्लेख केला. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले, त्याला तेथील नगरपालिकेने अनुदान दिले. नगरपालिकेचे अनुदान! वर्गणीवर सारे चालवावे असा त्यांचा हट्ट नव्हता, हे आपल्या आजच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुंबईच्या कायदेमंडळात आल्याबरोबर, मार्च १९२७ मध्ये, शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत ते बोलले. त्यांनी दोन हिशेब मांडले. पहिला असा की प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, तेव्हा शाळेत नुसते नाव घालून काम भागत नाही. दुसरा असा की सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूतून, माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून दारूच्या मार्गाने जेवढे घेता निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. हा हिशेब मांडायला आजही हरकत नाही. वस्तीच्या तोंडाशी परवान्याचे दुकान उघडायला सरकारला जागा सापडते. मुलांना दोन तास बसायला खोली मागितली की जागेचा प्रश्न उभा राहतो.

जागेचा प्रश्न खरेच आहे का? आमच्या मते नाही. एकेका वस्तीत डोळे उघडून फिरावे. समाजमंदिर आहे, विहार आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी राखलेली खोली आहे, म्युनिसिपल शाळेची चार मजली इमारत आहे. मराठी माध्यमाचा पट घसरल्यापासून त्या इमारतींत वर्गच्या वर्ग रिकामे पडले आहेत. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे, संध्याकाळी तिच्या ओट्यावर पत्ते कुटणारे असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर शाळेच्या मोकळ्या राहणाऱ्या इमारती वेळेबाहेर समाजासाठी वापराव्यात, त्यांची 'सामाजिक चेतना केंद्रे' करावीत असे लिहून ठेवले आहे. म्हणजे कागदावर सरकार आपल्याच बाजूचे आहे.

अडते ते कुलपाच्या किल्लीशी. आमच्यापैकी काही जण एका शहरातील शिक्षण कार्यालयात शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी सहा ते आठ मिळावेत म्हणून अर्ज घेऊन गेले होते. साहेब वाईट बोलले नाहीत, चहाही पाजला. म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, पण शिपायाची ड्यूटी सहाला संपते. दिवे राहिले, बाक मोडला, एखादं पोर जिन्यावरून पडलं, तर जबाबदार कोण?" आम्ही म्हणालो, शिपायाला दोन तासांचा जादा भत्ता द्या. ते म्हणाले, त्याला हेड नाही. हेड म्हणजे डोके नव्हे, अंदाजपत्रकातील खर्चाचे शीर्षक! ज्या कामाला शीर्षक नाही त्या कामाला एक रुपयासुद्धा मिळत नाही, आणि ज्याला शीर्षक आहे ते काम कोणाला नको असले तरी मार्चअखेर होतेच. आमच्या सगळ्या मागणीचे मर्म या एका शब्दात आहे.

आपल्या वस्त्यांसाठी पैसा येतच नाही असे नाही. लोक ज्याला अजून दलित वस्ती सुधार योजना म्हणतात, कागदोपत्री जिचे नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे आहे, तिच्यातून रस्ते, गटारे, दिवे, समाजमंदिरे झाली. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला, त्यातूनही सभागृहे बांधली गेली. परंतु हा सारा पैसा विटा-सिमेंटचा आहे. खासदार निधीतून कायमची मालमत्ता उभी करता येते, कोणाचे मानधन वा विजेचे बिल भरता येत नाही. म्हणून गावोगाव काय दिसते? फरशी घातलेले, बाहेर नामफलक लावलेले, उद्घाटनाचा दगड बसवलेले आणि वर्षातून आठ दिवस उघडणारे समाजमंदिर. बांधणाऱ्याला टक्का मिळतो, चालवणाऱ्याला काही मिळत नाही, तर ते चालणार कसे? इमारत ही एकदाची गोष्ट आहे. मुले रोज यायची असतात.

"अहो, आमच्या वॉर्डात अभ्यासिका आहे की!" असे कोणी म्हणेल. आहे, आम्हीही पाहिली आहे. आत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचवीस-तीस वर्षांची मुले-मुली खुर्चीला खिळून बसलेली असतात. सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्यांचे कष्ट मोठे आहेत आणि त्यांची जागा त्यांना हवीच. पण तेथे चौथीतला पोरगा पाढे म्हणत गेला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो. लहान मुलांना गलका करत शिकायचे असते. त्यांना अभ्यासिका नको, अभ्यासाचे घर हवे. तेथे गृहपाठ होईल, पण कॅरमचा बोर्डही असेल. कोपऱ्यात गोष्टीची पुस्तके असतील, हात काळे करायला रंग असतील, आणि आठवड्यातून दोनदा मैदानावर कबड्डी, खो-खो. सारा वेळ अभ्यासच करून घ्यायचा असेल तर पोरे चार दिवसांत पळतील, आणि त्यांनी पळावेच.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अशी केंद्रे जेथे जेथे चालली तेथे मुलींची गळती प्रथम झाली आणि तिचे कारण कोणी नीट शोधले नाही. शाळा सुटली की मुलगा गल्लीत जातो, मुलगी घरात जाते. तेथे पाणी भरणे असते, तांदूळ निवडणे असते, आणि मुख्य म्हणजे धाकट्याला सांभाळणे असते. सहावीतील पोरगी कडेवर तीन वर्षांचा भाऊ घेऊन केंद्राच्या दारात येते. चालवणारा तरुण भला असतो, पण म्हणतो, "ताई, बाळाला घरी ठेवून ये." घरी ठेवायला कोणी असते तर ती बाळ घेऊन आली असती का? ती परत जाते, पुन्हा येत नाही. रजिस्टरात तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. आमचे म्हणणे असे की केंद्राला अनुदान देताना पहिली अट हीच घालावी, की धाकट्या भावंडासह येणारी मुलगी परत पाठवता येणार नाही. एक सतरंजी, चार खेळणी आणि त्या वेळेपुरती एक मावशी एवढाच त्याचा खर्च. दुसरी गोष्ट संडासाची. कडी लागत नसलेला संडास असेल तर बारा वर्षांची मुलगी तीन तास तेथे बसणार नाही, आणि का बसत नाही हे ती कोणाला सांगणारही नाही. तिसरी गोष्ट, दिवा आणि सोबत. हिवाळ्यात सातला अंधार असतो. केंद्र चालवणारी बाई त्याच वस्तीतली, ओळखीची असली तर आई निर्धास्तपणे पाठवते. या तीन गोष्टी अर्जात लिहिल्या जात नाहीत, कारण अर्ज बहुधा पुरुष लिहितात.

आता तमिळनाडूकडे पाहू. करोनाच्या काळात शाळा दीड-दोन वर्षे बंद राहिल्या आणि मुले वाचायचे विसरली. तेव्हा त्या राज्याने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी 'इल्लम तेडी कल्वी' म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण ही योजना सुरू केली. संध्याकाळी पाच ते सात या वेळात, मुलांच्या घराजवळच, एखाद्या ओट्यावर, सभागृहात, अंगणवाडीत, पहिली ते आठवीच्या सुमारे वीस मुलांचा एक गट. शिकवायला त्याच भागातील शिकलेली माणसे, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा. सरकारने सुरुवातीला २०० कोटी रुपये ठेवले. शिकवणाऱ्यांची संख्या पुढे दोन लाखांच्या घरात गेली आणि प्रत्येकाला महिना हजार रुपये मानधन मिळाले. हजार रुपये फार कमी आहेत, हे आमचे मत आम्ही लपवीत नाही. पण हिशेब पाहा. अभ्यासकांनी मुलांना तपासले तेव्हा शाळा उघडल्यावर मुलांनी जे गमावलेले परत मिळवले, त्यांतला जवळपास चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांमुळे होता असे त्यांना आढळले. आणि या वर्गांना अधिक करून आली ती गरीब, कमी शिकलेल्या आई-बापांची मुले. शिकवणीच्या बाजारात नेमके याच्या उलटे होते.

दक्षिणेतली आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. केरळात १९८९ च्या कायद्याने मालमत्ता करावर रुपयाला पाच पैसे ग्रंथालय उपकर बसवला, म्हणून तेथे गावचे वाचनालय कोणाच्या दानावर अवलंबून राहत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत सभासदत्व दिले. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्यात उपकर नाही. सरकारी अनुदान मिळते, ते वाचनालयाचा वर्ग 'अ' की 'ड' हे पाहून, आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयाला जे मिळते त्यात संध्याकाळी मुलांसाठी माणूस ठेवणे अशक्य आहे. आणि श्रीमंत देशांत हे फुकट जमले असे कोणी समजू नये. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळेतील मुलाला शाळेनंतरही दिवसभराच्या सोयीचा हक्क दिला, त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने ठेवली. म्हणजे तेथेही आई कामावर जाते हे सरकारने आता कुठे मान्य केले!

आपल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळाच मार्ग काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघर टीव्ही-मोबाईल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यास करतात. गावाचे अभिनंदन. हे आपल्या चाळीत उद्यापासूनही करता येईल, त्याला कोणाची मंजुरी नको. पण भोंगा मोबाईल बंद करू शकतो, अपूर्णांक समजावून देऊ शकत नाही. ज्या घरात दोघेही आई-बाप सातवी नापास आहेत आणि साडेसातला कामावरून येऊन स्टोव्ह पेटवायचा आहे, तेथे शांतता मिळाली तरी शिकवणारे माणूस बाहेरूनच यावे लागेल.

ते माणूस आपलेच तरुण का नसावेत, असा प्रश्न काही वडीलधारे आम्हांला विचारतात. समाजाने समाजासाठी करावे, सरकारपुढे हात का पसरावा? या म्हणण्यामागची भावना आम्ही जाणतो. आणि करणारे आहेतही. विहारात रविवारी मुलांना बसवणारे, रोज कामावरून येऊन दोन तास गणित घेणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. पण त्यांचे काय होते तेही पाहिले आहे. पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी कोणाला नोकरी लागते, कोणाचे लग्न होते, कोणी विरारपलीकडे राहायला जातो. तिसऱ्या वर्षी फळा भिंतीला टेकवलेला आणि खडूचा डबा रिकामा. यात त्या तरुणांचा दोष नाही. ज्या मुलाला स्वतःचे पोट भरायचे आहे त्याच्या फुकटच्या श्रमांवर शंभर मुलांचे भवितव्य उभे करणे हाच अन्याय आहे. आणि हात पसरणे कसले? साबण, काडेपेटी, मोबाईलचा रिचार्ज, प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. रस्ता, पाणी, दिवा मागताना आपल्याला भीक मागितल्यासारखे वाटत नाही. मग मुलाच्या संध्याकाळीसाठी मागताना का वाटावे?

शाळेतल्या शिक्षकांनी हे करावे असेही सुचवले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, आणि सरकारी केंद्र म्हणजे खाजगी शिकवणी नव्हे हे खरे. तरीही दिवसभर वर्ग घेऊन वर कागद भरणाऱ्या माणसावर आणखी ओझे घालू नये. वस्तीत बारावी झालेल्या, डी.एड. करून घरी बसलेल्या मुली कितीतरी आहेत. त्यांना मानधन द्या. केंद्रही चालेल आणि एका घरात पगारही जाईल.

आता मागायचे कोठे ते लिहितो. पहिले ठिकाण शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि सरकारने द्यायच्या अनुदानाला तो आराखडा आधार मानायचा असतो. आपल्या किती भगिनी या समितीत आहेत? ज्या आहेत त्यांतल्या कितींच्या सह्या घरी शिपाई पाठवून घेतल्या जातात? तीन वर्षांच्या त्या आराखड्यात "शाळेनंतर सायंकेंद्र" हा विषय एकदा लिहिला गेला, की पुढे साहेबाला हेड नाही असे म्हणणे जड जाते.

खेड्यात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेला समाजकल्याणासाठी २० टक्के राखावे लागतात. ही रक्कम वर्षानुवर्षे सतरंज्या, भांडी आणि लाऊडस्पीकरवर जाते. आता वस्तीत भांडी पुष्कळ झाली. ग्रामसभेत उभे राहून यंदा ही रक्कम मुलांच्या केंद्राला द्या, असे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. शहरात वॉर्ड कार्यालय, शिक्षण विभाग आणि पुनर्वसनाच्या इमारतीत आपलीच सोसायटी. कल्याण केंद्राच्या खोलीत कोणाचे जुने कपाट आणि डेकोरेशनचे बांबू पडले आहेत ते आधी बाहेर काढावे.

अर्ज मोघम नसावा. "मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे ही विनंती" असे लिहिले की "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असे उत्तर येते. त्यापेक्षा वस्तीतील सहा ते चौदा वर्षांची मुले किती, त्यांत मुली किती, दुपारी घरी मोठे माणूस नसलेली घरे किती, हे एका रविवारी चार जणींनी घरोघर फिरून लिहून काढावे. मग खोली कोणती, वेळ कोणती, दोन ताईंचे मानधन, एका मावशीचे मानधन, शिपायाचा जादा भत्ता, विजेचे बिल, संडासाची दुरुस्ती, आणि मुलांना मूठभर चणे-गूळ किंवा केळे, असे बाबवार मांडावे. खाऊ विसरू नये, कारण दुपारी शाळेत खिचडी खाल्लेले पोर सहाला भुकेले असते आणि भुकेल्या पोराला व्याकरण कळत नाही. अर्जावर आयांच्या सह्या आणि अंगठे घ्यावेत, नुसत्या मंडळाच्या अध्यक्षाची सही पुरत नाही. देताना चार-पाच जणी मिळून जावे. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती प्रत विहाराच्या फायलीत लावून ठेवावी. महिनाभराने चौकशीला जाताना तो क्रमांक विचारतात, आणि तो ज्याच्या खिशात असतो तो माणूस नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.